रेट विचारायचा नाही

धानाच्या मिलमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, कोंडा आणि किस्से. कोंड्याला निदान तेलवाल्यांचं गिऱ्हाईक मिळतं. किस्से फुकटच वाटावे लागतात, म्हणून वाटतो. मी पवनी तालुक्यातला साधा राइस मिलवाला आणि आमच्या मिलवाल्यांच्या संघटनेचा सचिव. सचिव अशासाठी, की निवड झाली त्या दिवशी मी सासुरवाडीला गेलो होतो.

*

आमचे अध्यक्ष दामोदरभाऊ. धानाचा हंगाम आला की त्यांच्या मिलच्या अंगणात तर्री-पोहे व्हायचे आणि आम्ही सगळे मिळून भरडाईचा एकच रेट ठरवायचो. गावंही वाटून घेतलेली. ज्या मिलच्या बाजूला तलावाचं पाणी जातं, त्या बाजूचं धान त्या मिलचं. बापजाद्यांपासून असंच चाललेलं.

मग बातमी आली, की दुसऱ्याच कुठल्या धंद्यातल्या संघटनेला असा रेट ठरवल्याबद्दल दिल्लीहून जबर दंड झाला. भाऊंनी लगेच त्यांच्या भाचीला बोलावलं. रश्मी भंडाऱ्याला वकिली करते. तिनं आमची पद्धत नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "मामा, स्पर्धा कायद्यात जे लिहिलंय ना, तुम्ही अगदी तस्संच करता."

भाऊ खूश. आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहा. आपलं काम कायद्यात लिवलं आहे."

'काय करू नये' या भागात ते लिहिलंय, हे समजावायला तिला आणखी एक चहा लागला. रेट एकत्र ठरवायचा नाही. एकमेकांना विचारायचाही नाही. गावं वाटायची नाहीत.

"मंग मिटिंगमंदी करावं काय, पोरी?"

"पोहे खा," रश्मी म्हणाली.

*

हसू नका, प्रकरण गंभीर होतं. भाऊंच्या मिलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे सुमनताईंची मिल आहे. नवरा गेल्यावर बाईंनी ती स्वतः चालवायला घेतली आणि आमच्या ठरलेल्या रेटपेक्षा कमी घ्यायला सुरुवात केली. झालं, संघटना बसली. त्यांना कुणी मशीनचा पट्टा द्यायचा नाही, रोलर द्यायचा नाही, हमालांनी तिकडे जायचं नाही, असा ठराव हात वर करून पास झाला.

रश्मीनं हे ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. "मामा, यांनी एक तक्रार केली तर तुमची संघटना गेली."

ठराव तिथल्या तिथे रद्द. पण ठराव कागदावरून गेला, लोकांच्या डोक्यातून कसा जाणार? सुमनताईंच्या फाटकात बैलगाडीसुद्धा वळेना. शेतकरी म्हणायचे, "भाऊच्या डोळ्यासमोरून कसं जावं?" बाईंनी सांगून टाकलं, हा हंगाम असाच गेला तर मशीन विकून माहेरी जाते. मला मनापासून वाईट वाटलं. बाई हिशेबाला चोख आणि तांदळाला त्याहून चोख होत्या. त्यांच्या मिलचा दाणा तुटत नसे.

रश्मी त्यांना भेटून आली. तक्रार करणार का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "कोनाची करू? माह्या लग्नात दामोदरभाऊनं पंगत वाढली होती."

हे भाऊंना कळलं. त्या दिवशी त्यांनी पोहे अर्धे ठेवले.

*

रश्मीचा पुढचा हुकूम आला. प्रत्येकानं आपापला रेट आपापल्या मनानं ठरवायचा आणि दारावर बोर्ड लावायचा. आठवडाभरात तालुकाभर सुंदर बोर्ड लागले. वर मिलचं नाव, खाली 'भरडाईचा रेट' आणि पुढे कोरी जागा. प्रत्येक जण दुसरा काय लिहितो याची वाट पाहत होता.

शेवटी सगळ्यांत आधी रेट लिहिला सुमनताईंनी. त्यांना वाट पाहायची सवयच नव्हती.

त्यानंतर आमच्या इस्तारीभाऊनं लिहिला, पण खडूनं. इस्तारीभाऊची मिल लहान आणि जीव त्याहून लहान. मी म्हटलं, "काहून गा, पेंट संपला का?" तर म्हणतो, "कायदा नवा आहे बावा. पुसता आलं पाह्यजे."

*

या इस्तारीभाऊचे व्याही अड्याळकडचे मिलवाले. नातवाच्या बारशाला दोघं शेजारी जेवायला बसले. व्याह्यांनी सहज विचारलं, "काय मंते धंदा?"

इस्तारीभाऊनं घास खाली ठेवला. "वकीलबाईले विचारून सांगतो."

व्याह्यांना वाटलं, पोरीच्या संसारात काही कोर्टकचेरीचं निघालं. त्यांना पाणी द्यावं लागलं. दोन्ही विहिणींनी मिळून समजूत काढली, तेव्हा कुठे पंगत पुढे सरकली.

*

ऐन हंगामात त्याच इस्तारीभाऊची मोटर जळाली. आमच्यात रीत अशी, की कुणाची मिल बंद पडली तर शेजारचा मिलवाला त्याच्या गिऱ्हाइकांचं धान भरडून देतो आणि मोटर सुरू झाली की गिऱ्हाईक जिथलं तिथं परत पाठवतो. भाऊंनी घाबरून रश्मीला फोन लावला. "पोरी, शेजाऱ्याले मदत कराले परमिशन लागते काय?"

"मदत करा मामा. फक्त गिऱ्हाईक कुणाचं ते तुम्ही ठरवू नका. ते गिऱ्हाइकालाच ठरवू द्या."

भाऊंनी इस्तारीभाऊच्या गिऱ्हाइकांचं सगळं धान भरडून दिलं. मोटर सुरू झाल्यावर त्या शेतकऱ्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "आता कोठी जाचं थे तुमची मर्जी. मी काही सांगत नाही." थोडं थांबून आवाज खाली आणला. "पन इस्तारी वाट पाहून राहिला असंल. हे मी बोललो नाही."

कायद्याचा एवढा धाक आणि शेजाऱ्याची एवढी काळजी एकाच माणसात मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

*

आणि आता आठवडी बाजाराच्या दिवसाचं सांगतो. रस्ता माणसांनी भरलेला. मी चहाच्या टपरीवर होतो. सुमनताईंच्या फाटकाशी मशीन बघायला आलेला नागपूरचा एक व्यापारी उभा होता. तेवढ्यात दामोदरभाऊंचा ट्रॅक्टर आला. भाऊंच्या स्वतःच्या शेतातल्या बांधीतलं धान, वर पोत्यांवर भाऊ स्वतः. त्यांच्या मिलचे हमाल उतरवून घ्यायला पुढे झाले. ट्रॅक्टर त्यांच्यासमोरून निघून गेला आणि सुमनताईंच्या फाटकात वळला. टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली.

भाऊ सावकाश खाली उतरले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, भरडाईचा रेट काय आहे?"

सुमनताई पदर खोचत बाहेर आल्या. "भाऊ, तुमाले विचारता येत नाही. वकीलबाईनं मना केलं आहे."

"मिलवाल्याले मना केलं आहे. मी शेतकरी म्हनून आलो. सांग."

बाईंनी बोर्डाकडे हात केला. भाऊंनी चष्मा लावला, बोर्ड वाचला आणि मान हलवली. "महाग आहे. कमी कर, नाही त दुसऱ्या मिलमंदी जातो."

"जा न भाऊ," सुमनताई म्हणाल्या. "रस्त्याच्या पल्याड आहे एक. पन तेथचा मालक याहून महाग लावते, असं लोक मंतेत."

भाऊंनी मागे वळून आपल्याच मिलकडे जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा बाईंच्या हमालांकडे वळले.

"उतरवा रे पोते."