त्याच्या नावाची मूठ

माझ्या धाकट्या भावाचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते सुरतेत, शटल रिक्षात, उधन्याच्या रस्त्यावर, तिघांच्या जागेत पाचवा म्हणून कोंबलेला असताना. आधी नुसती गिटार. मग हलक्या हाताने वाजवलेले ड्रम. मग त्याचा आवाज. हा आवाज मी कित्येक वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता आणि दर वेळी 'बंद कर ते' म्हणून ओरडलो होतो. रिक्षावाल्याने गाणं मोठं केलं. "समज नथी पडती, पण सारू लागे छे," तो म्हणाला. मला मात्र शब्दन् शब्द समजत होता. मी शाळेच्या बरंच अलीकडे उतरलो आणि उरलेला रस्ता चालत गेलो.

गाण्यातला माणूस घरापासून लांब आहे. परत जाणं त्याला जमत नाही. पण घरी कुणीतरी अजून माझ्या नावाची मूठ काढतं, अशी तो स्वतःची समजूत घालतो. हीच ओळ पुन्हापुन्हा येते आणि शेवटी गिटार थांबल्यावर एकटीच येते.

ही मूठ कसली, हे सुरतेतल्या खानदेशी माणसाला सांगावं लागत नाही. श्रावणात आमच्यात कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाचे पुरणाचे रोट करायचे. बायकांच्या नावाने काढत नाहीत. राबायला तेवढ्या त्या. रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला घासही द्यायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही, संपवायचा. बाकीच्या जगाला हे काही ठाऊक नाही, म्हणून ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. कुणाला ती आईच्या हातची मूठ वाटली, कुणाला देवापुढची. गाणं चाललं ते बहुधा त्यामुळेच.

आमच्या घरी तीन मुठी निघायच्या: वडिलांची, माझी, त्याची. वडील लूमवर कामाला होते. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत, साधं पाणी मागायचं तरी. मी त्यांच्यावर गेलो. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो आणि माझा आवाज पलीकडच्या तिसऱ्या वर्गापर्यंत जातो. धाकटा तेवढा वेगळा निघाला. गॅलरीत बसून तो इतक्या हळू गायचा, की गाणं चालू आहे की संपलं हे कळू नये. खाली अख्खी गल्ली धडधडत असायची. "मोठ्यानं तरी म्हण," मी एकदा चिडून म्हणालो. तो म्हणाला, "एवढ्या आवाजात अजून एक कशाला, दादा?" आता लोक त्याच्या हळुवारपणाचं कौतुक करतात, तेव्हा मला ती गॅलरी आठवते.

वडील गेल्यावर मी त्याला मिलमध्ये चिकटवायला निघालो होतो. साहेबांशी बोलणंही झालं होतं. तो गिटार घेऊन पुण्याला निघून गेला. मी म्हणालो, गेलास तर गेलास. असली वाक्यं बोलायला मला वेळ लागत नाही.

आई मात्र दर श्रावणात त्याच्या नावाची मूठ काढायची, अगदी माझ्यासमोर, मुद्दाम. आणि त्याच्या वाट्याचा रोट माझ्या ताटात टाकायची. "खा. तुझ्यामुळेच गेला ना?" एवढंच म्हणायची. मी खायचो. माझं लग्न झालं नाही. का, ते वेगळं सांगण्यासारखं काही नाही, राहून गेलं. त्यामुळे ताटावर आम्ही दोघंच असायचो, आणि तिसऱ्याचा रोट.

आई मागच्या वर्षी उन्हाळ्यात गेली. तो पोहोचला तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो. गाडी चुकली म्हणाला. घरात एकदाच आम्ही नीट बोललो. "आई माझी मूठ काढायची का?" त्याने विचारलं. "काढायची," मी म्हणालो, "आणि तुझा रोट मी गिळायचो." तो बराच वेळ गव्हाच्या डब्याकडे बघत बसला. आणि पाचव्या दिवशी, दहावंही व्हायच्या आत, कसल्याशा रेकॉर्डिंगसाठी निघून गेला.

माझं डोकं फिरलं. त्या श्रावणात मी आमचे गहू घेऊन काकूकडे गेलो. काकू मागच्या गल्लीत राहते. आई गेल्यापासून आमचा रोट तिच्याच चुलीवर होतो. मी माझी मूठ सुपात टाकली आणि हात मागे घेतला.

"धाकलानी मूठ लेऊ का नही?" काकूने विचारलं.

"नको," मी म्हणालो.

सूप उचलून ती आत गेली.

दिवाळीच्या सुमारास ते गाणं आलं. बघता बघता ते कुठे नव्हतं ते सांगा. साड्यांच्या दुकानांत, पाणीपुरीच्या गाडीवर, बारडोलीच्या एका लग्नात तर नवरीच्या प्रवेशाला. माझ्याच वर्गातल्या मुलींनी ते संमेलनात म्हटलं आणि बाकांवर बसलेल्या आयांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत होतो.

त्यात मोबाइलवर त्याची मुलाखत फिरली. ही मूठ आता कोण काढतं, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "माझा मोठा भाऊ." झालं! दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी संत झालो होतो. एक बाई म्हणाल्या, "सर, भाऊ असावा तर तुमच्यासारखा." मी चहात बिस्कीट बुडवलं, ते विरघळून तळाला गेलं. खोटं मी बोललो नव्हतो. फक्त गप्प बसलो होतो, आणि ते महिनोन् महिने जमत गेलं. त्याचे फोन यायचे, ते मी उचलत नसे. उचलला आणि त्याने आभार मानले, तर काय करू, याची मला खरोखर भीती वाटायची. वर्गाबाहेर माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि जो होता त्याचा फोन मी वाजू देत होतो.

यंदा कानबाईच्या आदल्या दिवशी मी काकूकडे गेलो. माझी मूठ टाकली. मग त्याची टाकली, वर पाव मूठ नीट मोजून. काकूने गहू बोटांनी सारखे केले.

घरी येऊन मीच त्याला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलायला मला येत नाही.

"दोन मुठी काढ्यात," मी म्हणालो. आणि धीर सुटायच्या आत म्हणालो, "मांगला साल तुन्ही नही काढेल व्हती."

मी फोन कानावरून काढून बघितला. मला वाटलं, फोन कटला.

"माले माहीत शे, दादा," तो म्हणाला. त्याच त्या हळू आवाजात. "काकूनी त्याच दिन सांगं. गानं तठेनच निंघनं."

मी पलंगावर बसलो. म्हणजे सगळं ठाऊक असून त्याने चारचौघांत माझं नाव पुढे केलं होतं. लोक ज्या ओळीवर रडत होते, ती ओळ माझ्या 'नको'वर उभी होती.

"मग मुलाखतीत तसं का सांगितलंस?"

"काय सांगतू? भाऊनी बंद करी?"

मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. "ये ना उद्या," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ये म्हणालो.

तिकडे मागे कुणीतरी गिटार लावत होतं. "मूठ निंघनी, बस झायं," तो म्हणाला. "येवानं पुढला साल दखू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही म्हणता आलं असतं.

रविवारी काकूने माझ्या ताटात त्याचा रोट ठेवला. समोर त्याचं गाणं लागलं होतं, खाली पोरीबाळी नाचत होत्या, आणि त्यातल्या एकीलाही रोटाचा तुकडा देता येत नव्हता. एका बैठकीत तो माझ्याने संपला नाही. उरलेला घरी आणला. सोमवारी खाल्ला. मंगळवारी शाळेत जाण्याआधी शेवटचा तुकडा दुधात कुस्करला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला.