ठसेबाई आणि गेलेल्या तीन ओळी

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही. शेजारीणबाईंनी नवे पडदे दाखवले, तर ही म्हणाली, "कापड छान आहे, रंग फसलाय." मी तिथून काढता पाय घेतला. अशा बाईला नोकरी तरी कसली मिळावी? तिच्या कचेरीत तिला ठसेबाई म्हणतात.

कचेरी म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सहा माणसं. हल्ली जिथं तिथं एआय एजंट आलेत. एकदा सांगितलं की तेच तिकिटं काढतात, माल मागवतात, पत्रांना उत्तरं देतात. त्यांनी काय काय केलं ते ओळ न् ओळ टिपून ठेवायचं आणि मागाहून कुणी त्यात हात घातला तर बोंब ठोकायची, असं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवतात. म्हणजे बनवते माझी बायको, विकतात मालक. मालक बोलघेवडे, मनानं लोणी. "समजा, रांग आहे," ते गिऱ्हाइकाला सांगतात. "प्रत्येकानं आपल्या पुढच्याचा चेहरा लक्षात ठेवलाय. पुढचा बदलला की मागचा ओरडणार. तसा आमच्या प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा ठसा." माझं फोटोफ्रेमचं दुकान रस्त्यापलीकडेच, त्यामुळे हे भाषण मला पाठ आहे.

त्या दिवशी एका बँकेची माणसं सॉफ्टवेअर बघायला यायची होती. बँकेनं नाही म्हटलं तर कचेरीला टाळं आणि सहाही जणांना दुसरीकडे अर्ज, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीची खोली जरा भरल्यासारखी दिसावी म्हणून मी तिथं एक मोठं चित्र टांगत होतो.

"अहो, हातोडी थांबवा जरा," बायको म्हणाली. तिच्यासमोर स्क्रीनवर लाल पट्टी होती. "आपल्याच एजंटच्या नोंदींतून काल संध्याकाळी तीन ओळी गेल्यात. कुणीतरी आत शिरलंय."

मालकांचा चेहरा पडला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, फार लांब राहते. गुडघे दुखतात म्हणून ती कुठं जात नाही, आणि कामाच्या नादात ही तिच्याकडे जात नाही. तिला आज इकडे आणायचा मालकांनी आणि मी गुपचूप बेत केला होता. कचेरीच्या एजंटनं आक्काचं तिकीट काढलं, स्टेशनवर टॅक्सी सांगितली, आक्काला निरोप धाडला. ठसेबाई रोज सकाळी नोंदी वाचतात, म्हणून मालकांनी त्या ओळीच उडवल्या.

त्यांनी मला जिन्यात ओढलं. "मला वाटलं, ओळ बदलली तर कळतं. ओळच नसली तर काय कळणार?"

"आणि रांगेतून एक जण निघून गेला, तर मागच्याला पुढं कोण दिसणार?" मी विचारलं. मालकांनी कपाळावर हात मारून घेतला.

आत येऊन ते म्हणाले, "ताई, ठसे उमटवायची किल्ली तुमच्याकडेच आहे. सगळे ठसे नव्यानं उमटवून टाका. पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही."

"नाही कळणार," ती म्हणाली. "मग आपण त्यांना विकतोय काय?"

ती पुन्हा पहिल्या ओळीपासून नोंदी तपासायला लागली. मी एका वाक्यात तिचा घोर मिटवू शकलो असतो. पण बेत फुटेल म्हणून मूग गिळून बसलो, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

बँकेच्या ऑडिटरबाई आल्या. पाण्याचा ग्लास पुढं करायच्या आधी बायकोनं त्यांना लाल पट्टी दाखवली. "काल इथून तीन ओळी कुणीतरी काढल्यात. कुणी, ते मला अजून माहीत नाही. आधी हे बघा, मग बाकीचं."

मग मालक वर्गातल्या पोरासारखे उभे राहिले. "मी काढल्या," ते म्हणाले आणि आक्काच्या गुडघ्यांसकट सगळं सांगून मोकळे झाले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिळा तपासायला लागलो.

"म्हणजे खुद्द मालकांनी, चांगल्या हेतूनं खोडलं, तरी यानं पकडलं?" ऑडिटरबाईंनी विचारलं आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आम्हाला असंच हवंय. आमच्याकडेही सगळे चांगल्याच हेतूनं खोडतात."

होकार देऊन त्या गेल्या. मालक हवेत होते. "ताई, माझ्याकडे त्या ओळींची कॉपी आहे. परत जागेवर ठेवू?"

"जागेवर नाही. शेवटी लिहा, आजच्या तारखेनं, तुमच्या नावानं."

"जागेवर का नाही?"

"तिथं आता काही नाही, हेच खरं आहे, साहेब."

मालक एका बोटानं टाइप करायला लागले. "कारण काय घालू?"

"घाला, माझी बहीण येणार होती म्हणून," ती म्हणाली.

"येणार होती काय? येतेय," मी म्हटलं. "गाडी पोचतच असेल."

तिनं पर्स उचलली. काम अर्धं टाकून तिला उठताना कचेरीनं कधी पाहिलं नव्हतं. दारात मात्र ती थांबली.

"साहेब, त्या ओळीत यांचंही नाव घाला. यांना सगळं माहीत होतं."