बाबांच्या बोटावरची शाई

विक्रोळीतल्या आमच्या घरी मतदानाचा दिवस सणासारखा असायचा. बाबा कारखान्यात कामाला होते. त्या दिवशी ते पहाटेच उठून पांढरे कपडे घालायचे, एरवी बुद्धपौर्णिमेलाच कपाटातून निघणारे. आई खीर करायची. मग आम्ही तिघं समोरच्या शाळेत जायचो. बाबा मत देऊन बाहेर आले की त्यांच्या बोटावरची ओली शाई माझ्या बोटाला लावून घ्यायला मी धावायचे, आणि ते हात उंच धरायचे.

“थांब गं. तुझं तुला मिळेल.”

अठरा पूर्ण झाल्यावर मिळालंही. आठवडाभर ते बोट मी सगळ्यांच्या नाकापुढे नाचवत होते.

पुढे लग्न होऊन कॅनडाला गेले, मुलं झाली, आणि बऱ्याच वर्षांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. शपथ स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लॅपटॉपसमोर झाली. संपेपर्यंत गॅसवरचं दूध उतू गेलं होतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं इथलं आपोआप जातं, हे मला नीट ठाऊक होतं. तरी वाटत राहिलं की ते माझ्या जुन्या फ्रॉकांसारखं विक्रोळीच्या कपाटात घडी घालून ठेवलेलं असेल, गेलं की मिळेल. बाबांना सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, हिंमतच झाली नाही.

परवाच्या निवडणुकीच्या वेळी मी इथेच होते. सकाळी जाग आली तेव्हा खाडीवरचं धुकं तिवरांत अडकून राहिलं होतं आणि घरभर खिरीचा वास होता. क्षणभर मी किती वर्षांची आहे तेच कळेना. मग आठवलं, आई आता नाही. खीर बाबांनी केली होती.

“ऊठ गं, सात वाजले. तुझी पण चिठ्ठी आलीय.”

यादीतलं माझं नाव कुणी काढलंच नव्हतं. बाबांनी ती मतदाराची चिठ्ठी आणि माझं जुनं ओळखपत्र संविधानाच्या पुस्तकात जपून ठेवलं होतं. मुकाट्याने बटण दाबून आले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. तो गुन्हा होता हे खरंच, पण मला जास्त भीती बाबांच्या पांढऱ्या शर्टाची वाटली. तरी मी पांढरा ड्रेस घातला, खीर खाल्ली आणि झोपेत चालावं तशी त्यांच्यामागून निघाले. शाळेच्या गेटाशी माझे पाय थांबले.

“बाबा, मला आत येता येणार नाही. मी आता इथली नागरिक नाही. दोन वर्षं झाली.”

“कुणी काढलं तुझं?”

“कुणी नाही. मी तिथलं घेतलं, म्हणून गेलं.”

त्यांनी चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवली. “उन्हात उभी राहू नकोस,” एवढंच म्हणाले आणि रांगेत गेले. ऊन अजून पडलंसुद्धा नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं परकं मला विमानतळावरच्या परदेशी नागरिकांच्या रांगेतही वाटलं नव्हतं.

बाबा बाहेर आले. रागावतील म्हणून मी मान खाली घातली. या वेळी त्यांनी हात उंच धरला नाही. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी आपणहून बोट पुढे केलं.

“ओली आहे अजून,” ते म्हणाले. “लाव.”