लाटा उमटलेला पाटा

उन्हाळ्याच्या दुपारी मी आमच्या क्वार्टरच्या गार फरशीवर पालथी पडून राहायचे, एक कान जमिनीला लावून. आई म्हणायची, "ऊठ गं, घोरपडीसारखी काय चिकटलीस!" मी कशाची उठतेय. भोपाळातल्या त्या टाउनशिपमध्ये सगळं एकसारखं होतं. एकसारखी पिवळी घरं, एकसारखी कुंपणं, सगळ्यांचे बाप एकाच भोंग्याला घराबाहेर पडणारे. मला वाटायचं, वर हे असं आखीवरेखीव आहे, पण खाली कोणी आखायला गेलेलं नाही. फरशीखाली मुरूम, मुरमाखाली लाल दगड, त्याच्याखाली आणखी काहीतरी, आणि मी डोळे मिटून उतरत जायचे. उतरता उतरता झोप लागायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी भूगर्भशास्त्र घेतलं ते याच वेडापायी. बाबांना गणित आणि मग बँकेची परीक्षा हवी होती. विषय तीन घ्यावे लागत, त्यात गणित होतं म्हणून त्यांनी बाकीचे दोन नीट पाहिलेच नाहीत. आमचे सर हिंदीत शिकवायचे: आग्नेय, अवसादी, कायांतरित. मी घरी येऊन आईला मराठीत सांगायचे. वितळलेला रस थिजून झालेला दगड तो एक. गाळावर गाळ बसून, दाबला जाऊन झालेला तो दुसरा. आणि यातलाच कुठलाही जमिनीच्या पोटात जाऊन उष्णतेनं, दाबानं पार बदलला की तिसरा, आपला संगमरवर तसा. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "हं." तिचं ते हं म्हणजे 'ऐकतेय' असंही असायचं आणि 'पुरे' असंही.

बाबा कारखान्यात ओतकामाच्या विभागात होते. जेवताना खूश असले की त्यावर बोलायचे. "घाईनं गार केलं की दाणा बारीक येतो, सावकाश होऊ दिलं की मोठा." हे त्यांनी मी लहान असल्यापासून शंभरदा सांगितलेलं. सरांनी एक दिवस वर्गात अगदी हेच सांगितलं, फक्त लोखंडाऐवजी लाव्हा. जमिनीवर येऊन चटकन थिजला तो बारीक दाण्याचा काळा दगड, पोटातच सावकाश निवला तो मोठ्या दाण्याचा ग्रॅनाइट. मी घरी उड्या मारत आले. बाबा म्हणाले, "बरं. आणि त्यावर नोकरी कोण देतं?" झालं! माझ्या पृथ्वीचा तिथेच निकाल लागला.

खरा पेच पडला तो एप्रिलात. परीक्षा संपल्या की पचमढीला पाच दिवसांचा कॅम्प होता. डोंगरात हिंडायचं, दगड बघायचे, वही भरायची. कॅम्प नाही केला तर दुसऱ्या वर्षी हा विषय मिळणार नव्हता. त्यासाठी एक छापील कागद भरून द्यायचा होता, खाली पालकाची सही. वर्गात आम्ही दोनच मुली, बाकी सगळे मुलगे. बाबांनी कागद वाचला, घडी केली आणि रेडिओखाली ठेवून दिला. "दगड फोडायला शिकवतोय का मी पोरीला? पाच दिवस डोंगरात, पोरांबरोबर! लोक काय म्हणतील?" मी रडले, जेवले नाही, पुन्हा रडले. बाबा म्हणाले, विचार करतो. त्यांचा विचार करतो म्हणजे नाही, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. परीक्षेनंतरच्या सोमवारी कागद द्यायचा होता.

त्यातच आईचा पाटा फुटला. तो साताऱ्याकडून, तिच्या माहेराहून आलेला, काळा, गुळगुळीत. मोठं क्वार्टर मिळालं म्हणून सामान हलवताना हमालाच्या हातून निसटला आणि सरळ दोन तुकडे. आईनं तुकडे उचलून तुळशीपाशी ठेवले. आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू पाच दिवसांवर आलेलं. टाउनशिपमधल्या मराठी बायका एकमेकींकडे आंब्याची डाळ आणि पन्हं करून बोलावायच्या, आणि डाळ पाट्यावरच वाटलेली हवी असा सगळ्यांचा हट्ट. मी म्हटलं, "मी आणते पाटा. दगडांचं मला कळतं." बाबांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

टाउनशिपच्या मागे लाल दगडाच्या टेकड्या होत्या. एका जुन्या खाणीत सपाट लाद्या पडलेल्या. एक उलटी केली आणि माझा श्वासच अडकला. तिच्यावर लाटा होत्या. उथळ पाण्याखाली वाळूवर उठतात तशा, एकीमागे एक, बोटं फिरवली तर कळाव्यात अशा. कधीकाळी इथे समुद्र होता, पाणी हललं, वाळूवर वळ्या पडल्या, वर गाळ बसला आणि ते हललेलं पाणी तसंच राहून गेलं. डायनासोरही तेव्हा जन्माला यायचे होते. मी तिथे उन्हात बसूनच राहिले. पाय त्या पाण्यात आहेत असं वाटत होतं, अगदी गार. मग कोणा ओळखीच्याच्या सायकलवर लादून ती लादी मी अशोका गार्डन वस्तीत नेली. तिथे पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खरखरीत करून देणारी एक बाई बसायची. तिनं लादीवर छिन्नी ठोकली, बोटावर पूड घेतली आणि म्हणाली, "बिटिया, इसमें पक्का पत्थर भी आता है, पर ये कच्चा है. रेत छोड़ेगा." मी मान ताठ करून म्हटलं, "मैं यही पढ़ती हूँ." ती हसली आणि टाकी लावून दिली. लाटा मी खालच्या बाजूला ठेवायला सांगितल्या, मोडू नयेत म्हणून.

हळदीकुंकवाला पंधराएक बायका जमल्या. गौर झोपाळ्यात बसवलेली, समोर कलिंगड कापलेलं, पन्ह्याला वेलदोड्याचा वास. पहिला घास तोंडात गेला आणि खोलीभर बारीक कर्रकर्र झालं. मग नागपूरच्या काकू, त्यांना गप्प राहणं कधी जमलं नाही, म्हणाल्या, "काय वो, डाळ नर्मदेच्या पात्रात वाटली का काय?" सगळ्या हसल्या. आईही हसली, पण हातातली वाटी तिनं खाली ठेवली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळी बाबांना कळलंच. त्यांनी ओरडाआरडा केला नाही, तेच वाईट. म्हणाले, "वर्षभर दगड शिकली आणि एक पाटा निवडता येईना. आता तो कागद विसरा." ज्या दगडाकडे मी बघितलं, त्याचं करायचं काय आहे हे मी बघितलंच नव्हतं.

दोन दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी, बाबा पहिल्या पाळीला गेल्यावर, पदर खोचून म्हणाली, "चल. काळा दगड कुठे मिळतो ते दाखव. पुस्तकात असेल ना?" होतं. सरांनी नकाशावर दाखवलं होतं, शहराच्या भोवती लाल दगड, आणि पश्चिमेला थोडं गेलं की काळा सुरू. आम्ही सिहोरच्या बसमध्ये बसलो. खिडकीतून गरम वारा येत होता, मला पेंग येत होती. झोपेतच मी बघत होते, रस्त्याकडेची माती आधी तांबूस, मग भुरकट, मग कधी काळी झाली ते कळलंही नाही. आईला मात्र कळलं. तिनं माझा दंड दाबला. "थांबव गाडी."

रस्त्यालगत एका शेतात विहीर खणणं चाललेलं. बाहेर काळ्या दगडांचा ढीग. आईनं कोणालाही न विचारता त्यावर तळवा ठेवला. मग एक गोटा उचलून आपटला. दगड खणकन वाजला. "हा," ती म्हणाली. "आमच्याकडचा." आणि तिथेच, उन्हात, ढिगाशेजारी बसली.

मी तिच्याजवळ बसून सांगू लागले. वर्गात शिकलेलंच, पण तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसत होतं. आपण चालतो ते कवच फार पातळ आहे, आई, संत्र्याची साल असते तसं. त्याखाली जाडच्या जाड दगडाचा थर, इतका तापलेला की घट्ट असूनही हळूहळू सरकतो. त्याच्याही आत वितळलेलं लोखंड, आणि अगदी मध्ये दाबानं घट्ट झालेला लोखंडाचाच गोळा. कोट्यवधी वर्षांपूर्वी कवचाला भेगा पडल्या आणि खालचा रस वर आला. डोंगरातून उडाला नाही, उतू आला. पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. तुमचा सह्याद्री तोच. तिथून सुरू होतो तो थेट इथपर्यंत.

"म्हणजे आमच्या विहिरीचा दगड आणि हा..."

"एकच. त्याच उताचा."

विहिरीत कोणीतरी पहार मारत होतं, त्याचा आवाज जमिनीतून आमच्या पायापर्यंत येत होता. मग आई रडायलाच लागली. मी घाबरले. "वीस वर्षं," ती म्हणाली, "वीस वर्षं मी परमुलखात आहे म्हणून जीव मुठीत धरून राहिले गं. आणि हे इथे होतं. बसनं जाण्याइतकं." मी तिला इतकं जवळ कधीच धरलं नव्हतं. पाटा आम्ही आणला नाही. एवढा दगड उचलून न्यायचा कोणी?

रविवारी जेवणं झाल्यावर आईनं रेडिओखालचा कागद काढला आणि बाबांपुढे ठेवला. "सही करा."

"अगं, पाटा निवडता येत नाही तिला."

"चुकली. पण वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं माझ्या पायाखाली काय आहे ते. हिनं सांगितलं. मला हिला पुढे पाठवायचंय."

बाबांना ती असं कधी बोलली नव्हती. ते चिडले, आणि मला वाटतं थोडे घाबरलेही. "मी करणार नाही. एवढी हौस असेल तर तू कर सही." त्यांची खात्री होती की ती करणार नाही. सही करायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. रजिस्टर पत्र आलं तरी पोस्टमन बाबांची वाट बघायचा.

आईनं माझं पेन घेतलं. चौथी शिकलेली, पेन मुठीत धरल्यासारखं धरलं, आणि जीभ दातात घेऊन एक एक अक्षर काढलं. मी वाकून पाहिलं. आडनाव मामांचं, आणि नाव तर मी कधी ऐकलेलंच नव्हतं. मामा तिला अक्का म्हणायचे, आजी-आजोबा मी पाहिले नाहीत. शाळेत पाटीवर गिरवलेलं तेच एक नाव तिच्या हाताला येत होतं. कॉलेजात तो कागद चालला. सरांनी विचारलं, ये कौन हैं, मी म्हटलं, माँ, आणि मी पचमढीला गेले.

पण त्या दुपारी बाबांनी कागद हातात घेतला आणि बघतच राहिले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिणारे तेच होते. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "हे अजून लक्षात आहे तुझ्या?"

"माझंच नाव आहे," आई म्हणाली. "लक्षात कशाला ठेवायला हवं?"