माणसं बसू द्या

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पट्टी अडकली की मास्तर डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "थांबा भाऊ, माणसं बसू द्या."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कसली माणसं? नारायणगावात ठिबकच्या पाइपांच्या दुकानावर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. त्या खोलीत मी, मास्तर आणि तापलेलं मशीन, यांशिवाय कोणी नसायचं.

मास्तर जुन्नरचे, ब्रास बँडचे प्रमुख. आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यांच्या बँडवर लागली. डिंगोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावच्या यात्रेतही त्यांचाच बँड असायचा. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सासुरवाडी आहे. तिथं देवळापुढं बँड बसून वाजवायचा. आधी एकटा ढोल, मग एकेक वाद्य येऊन मिळणार, आणि सगळी मिळाली की पालखी उठणार, अशी ती चाल.

एका वर्षी यात्रा कमिटीला डीजे हवासा झाला. मास्तरांना साधा निरोप धाडायचीही कोणाला गरज वाटली नाही. कोट घालून, माणसं घेऊन ते पोचले तर देवळापुढं भोंग्यांची भिंत उभी. अशा मिरवणुका तुम्हीही पाहिल्या असतील. खिडक्या थरथरतात, म्हातारी माणसं कान झाकून आत जातात, आणि कमिटीवाले म्हणतात, यंदा यात्रा जोरात झाली!

पुढं लग्नांतही डीजे शिरला आणि बँड मोडला. कोणी जुन्नरची जीप चालवायला लागला, कोणी टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला, एकजण अवसरीला कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटतो. फुंकायची सवय मोडली की वाजवणाऱ्याचे ओठ जातात. काहीजण तर जगातूनच गेले.

आणि अशात मास्तर माझ्याकडे आले, ती पालखीची चाल रेकॉर्ड करायला. पेनड्राइव्ह द्या, डीजेवर वाजवू, असं कमिटीनं म्हणे कबूल केलं होतं. मी भडकलोच.

"ज्यांनी तुम्हाला देवळापासून परत पाठवलं, त्यांच्याच भोंग्यांसाठी तुम्ही चाल बनवणार?"

"चाल देवाची हाय," मास्तर म्हणाले. "कमिटीची न्हाई."

वाजवणारे नव्हते, म्हणून वाद्यं कॉम्प्युटरमधली घ्यायची ठरली. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल, सगळं त्यात असतं, कीबोर्ड दाबला की वाजतं. मास्तर एकेकाचा भाग तोंडानं म्हणायचे, मी वाजवायचो. कोणीही शहाणा माणूस सगळ्या ट्रंपेटना मिळून एकच वाद्य उघडतो. मास्तरांना माणसागणिक वेगळं हवं, वेगळ्या ट्रॅकवर, आणि ट्रॅकला त्या माणसाचं नाव.

"रज्जाक आन् बाळूला एका खुर्चीवर बसवता का काय?"

रज्जाकचा ट्रंपेट जरा मागं पडत होता. मी तो गुपचूप ताल पाहून नीट बसवला, तर मास्तरांनी ऐकता ऐकता हात वर केला.

"ह्यो कोण?"

"रज्जाक."

"ह्यो रज्जाक न्हाई. त्यो जनमभर उशिरा आला. त्याला येळेवर आणाल तर वळखायचा कसा?"

परत उशिरा आणला. काय करणार!

यात्रा तोंडावर आली आणि रेंडर होईना. रेंडर म्हणजे सगळी वाद्यं मिळून गाण्याची एक फाइल काढणं. पट्टी निम्म्यावर जाऊन थिजायची, आणि निघालीच फाइल तर आवाजात चरचर. मी बफर वाढवला, बाकीचे प्रोग्राम बंद केले, मशीनचं झाकण काढून टेबलफॅन लावला. मेमरी भरलेलीच. शेवटी एकेक ट्रॅक तपासला. मास्तर नावं सांगतील तसे मी भराभर ट्रॅक उघडत गेलो होतो, त्यातल्या काहींवर एकही सूर नव्हता. वाद्य तेवढं उघडलेलं, फुकट मेमरी खात बसलेलं.

"हे कोण?"

"गेलेले हायेत."

"मास्तर, हे काढले तर आत्ता काम होतंय. नाहीतर यात्रेला चाल मिळणार नाही. वाजवत नाहीत, मग बसवलेत कशाला?"

"लई वाजवलं त्यांनी, भाऊ. आता नुसतं बसू द्या."

मी टेबलावर हात आपटला, खाली जाऊन चहा पिऊन आलो. मास्तर तसेच बसलेले. त्या माणसापुढं माझा राग कधी टिकला नाही. मग मी एक केलं. बाकी सगळी वाद्यं मिटून एकच उघडायचं, त्याच्या आवाजाची साधी फाइल काढायची, ते मिटायचं, मग पुढचं. शेवटी सगळ्या फाइली एकत्र जोडायच्या. मशीन गुमान चाललं. सूर असलेले सगळे संपले तेव्हा मी फाइली जोडायला घेतल्या.

"आन् यांचं?" मास्तरांनी रिकाम्या ट्रॅकांकडं बोट केलं.

मी दातओठ खात शांततेच्या फाइली काढल्या. मास्तरांनी टोपी मांडीवर ठेवून त्याही शेवटपर्यंत ऐकल्या.

यात्रेच्या दुपारी मास्तर बँडचा कोट घालून आले. जीप लावून रज्जाकही आला, अर्थात उशिरा. भोंग्यांतून ढोल सुरू झाला. एक क्लॅरिनेट येऊन मिळालं. तेवढ्यात कमिटीचा कारभारी ओरडला, "बंद कर ती मयताची वाजंत्री! पोरं थांबलीत नाचायची!" डीजेवाल्यानं दुसरंच गाणं लावलं आणि पालखी त्यावर उठली.

मी डीजेच्या गाडीवर चढायला निघालो. मास्तरांनी माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. माणसं बसायच्या आत उठवली त्यांनी."

पुढची यात्रा त्यांनी पाहिली नाही. मला मात्र अजून तो कारभारी दिसला की रक्त उकळतं. परवा तोच गॉगल लावून माझ्या जिन्यानं वर आला. मास्तरांचा फोटो लावून मोबाइलवर श्रद्धांजलीचं स्टेटस करायचं होतं.

"ती चाल दे ना राव. सुरुवातीचं ते ढोलबिल नको, शेवटचं जोरातलं तेवढं काढ."

तयार फाइल माझ्याकडं होती, क्षणात देता आली असती. मी सगळ्या ट्रॅकांचं मूळ काम उघडलं. पडद्यावर एकेक नाव यायला लागलं. रज्जाक, बाळू, बाकीचे सगळे, मग रिकामे ट्रॅक. सगळ्यात खाली 'मास्तर' नावाचा एक आहे, तोही रिकामा. तो मी वाढवलाय. त्यानं मशीन आणखी मंद झालंय.

पट्टी अडकली. कारभाऱ्यानं घड्याळ पाहिलं.

"किती वेळ लागल?"

मी पायानं खुर्ची त्याच्याकडं ढकलली.

"गॉगल काढा आणि बसा," मी म्हणालो. "ढोलापासून सगळी चाल ऐकायची. आधी माणसं बसू द्या."