ओनेलिओची दुसरी डिस्क

“दोन वर्षं म्हणतेस आणि बॅग दहा वर्षांची भरतेस!”

“मग तू चल ना. कोण अडवतंय?”

“आणि आईला काय शेजाऱ्यांच्या दारात ठेवू?”

“नको येऊस. निदान माझी मालिका तरी जपून ठेव. पुसलीस तर याद राख!”

“बघा! नवऱ्यापेक्षा मालिकेची काळजी!”

ओनेलिओ आणि नेरेइदाचं हे भांडण मी परसात कपडे वाळत घालताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती स्पेनला बहिणीकडे कामाला गेली. पुढे ओनेलिओची आई वारली, पण तोवर त्याला जायचे कागद मिळेनासे झाले.

त्याचा धंदा आमच्या प्लासेतास गावात नेहमीचाच. घरोघरी इंटरनेट कुठलं? आठवड्याचे सिनेमे, मालिका, गाणी डिस्कमध्ये भरून तो दर शनिवारी सायकलवरून पोचवायचा. आपल्याला हवं ते उतरवून घ्यायचं आणि जागा करायला मागचं पुसायचं. सगळे पुसतात. ओनेलिओनं नेरेइदाची मालिका पुसली नाही. ती बघून झाली की नेरेइदाला आवडेल म्हणून दुसरी ठेवली, मग तिसरी. स्वतः एकही बघितली नाही. म्हणायचा, “एकट्यानं बघितली तर ती घरात घेईल का मला?”

कुणाचं लग्न झालं, कोण मेलं, गल्लीला सगळं ठाऊक. पण पावाच्या रांगेत ओनेलिओ आला की बायका नेरेइदाचा विषय सोडून डाळ-तांदळाच्या गप्पांकडे वळायच्या.

शेवटी घरातला कॉम्प्युटर गच्च भरला. नव्या आठवड्याचा माल मावेना. मी विचारलं, “आता काय पुसतोस, पोटाचं की बायकोचं?”

तो आपला लढाऊ कोंबडा देऊन कुठल्याशा बंद ऑफिसातली वापरलेली डिस्क घेऊन आला. त्याच्याकडे उजेड कमी, म्हणून कॉम्प्युटर माझ्याच जेवणाच्या टेबलावर उघडला. मी बॅटरी धरली. नवी डिस्क त्यानं रिकाम्या कप्प्यात सरकवली, स्क्रू एकच होता म्हणून खाली पुठ्ठा दिला, आधीच्या डिस्कच्याच वायरीच्या पट्टीला ती जोडली आणि बटण दाबलं.

पडदा काळा. ओनेलिओचा चेहरा त्याहून काळा.

“गेलं, म्हातारे. तिचं सगळं गेलं.”

“रडशील मग. आधी नीट बघ.”

त्यानं दोन्ही डिस्का बाहेर काढून पालथ्या केल्या. दोघींच्या पाठीला नखाएवढी टोपी असते. मोठी कोण, धाकटी कोण, ते त्या टोपीवरून ठरतं म्हणे. इथे दोघीही मोठ्याच होऊन बसल्या होत्या.

“एका चुलीपुढे दोन सासवा,” मी म्हटलं. “पेटेल कशी?”

माझ्या भुवया कोरायच्या चिमट्यानं त्यानं नवीची टोपी हलवली. पडदा उजळला, जुनं सगळं जागच्या जागी. माझ्या काळ्या घेवड्याची उसळ शिजून गार झाली तरी तो मालिका नव्या डिस्कवर हलवतच होता.

रविवारी नेरेइदाचा फोन आला, नेहमीसारखा माझ्याच घरी. ओनेलिओनं फुशारकीनं सगळं सांगितलं. तिचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

“वेड्या, मी त्या इथे कधीच बघून संपवल्या. शेवट सांगू?”

“नको,” तो म्हणाला. “तू ये. मग परत बघ, माझ्याबरोबर.”

तिनं मग आमच्याकडे पाऊस आहे का, विचारलं.

ती आली नाही. वर्षं गेली, आणि एका मंगळवारी ओनेलिओ झोपेतच गेला. त्याच्या आदल्या शनिवारी तो आला होता. सायकल खिडकीला टेकवली, डिस्क टीव्हीला लावून माझ्या आठवड्याचं उतरवून दिलं, कॉफीत साखर कमी म्हणून कुरकुरला.

“नेरेइदाची दुसरी डिस्कही भरत आली, म्हातारे. कुणाकडे जुनी पडली असेल तर कळव.”

“विचारते,” मी म्हटलं. त्यानं डिस्क मोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि पलीकडच्या घराची कडी वाजवली.