डावीकडे कललेली सही

बँकेत तिला सगळे भिंगबाई म्हणत. हमीपत्रांच्या टेबलावर तिने एकवीस वर्षं काढली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या सुनेला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही; पण सही दाखवा, खानदान सांगेल!"

काम जोखमीचं होतं. कंत्राटदाराने काम अर्धवट टाकलं तर भरपाई आम्ही देऊ, अशी हमी बँक सरकारी खात्याला लिहून देते. काम पुढे सरकलं की खातं पत्र पाठवतं, हमीची रक्कम कमी करा. त्या पत्रावरची सही खरी की खोटी, हे भिंगबाई तपासायची.

एका सकाळी जलवाहिन्या टाकणारा कंत्राटदार पाणीपुरवठा खात्याचं असं पत्र घेऊन आला. तिने फायलीतला सहीचा नमुना शेजारी ठेवला. अक्षरं तीच, शेवटचा फराटाही तोच. पण नमुना उजवीकडे कललेला आणि ही सही डावीकडे.

"सही जुळत नाही."

"अहो, माझ्यासमोर केलीय साहेबांनी!"

"समोर?"

"म्हणजे... साहेब आत होते. मी बाहेर बाकावर."

तिला नवल वाटलं. नक्कल करणारा आधी कलच सांभाळतो. तोच कुणी कसा चुकवेल? तिने पत्रावरचा नंबर सोडून बँकेच्या फायलीतला नंबर फिरवला. फोन सही करणाऱ्या इंजिनिअरनेच उचलला.

"पत्र माझंच आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सहीबद्दल विचारताय ना? समक्ष येता का?"

मॅनेजर वैतागले. "लेखी विचारा आणि मोकळ्या व्हा. नसती उठाठेव कशाला?"

"साहेब, मला चैन नाही पडायचं," असं म्हणून ती निघालीच.

नकाशांनी भरलेल्या केबिनमध्ये पन्नाशीचा इंजिनिअर बसला होता. त्याने डाव्या हाताने खुर्ची पुढे सरकवली. उजवा हात टेबलाखालीच राहिला.

"तीन महिने ही सही सगळं ऑफिस पाहतंय," तो हसला. "विचारलंत तुम्ही एकट्यांनी."

अर्धांगाच्या झटक्याने त्याच्या उजव्या हाताची बोटं लुळी पडली होती. साइटवरचं काम काढून घेतील, या धास्तीने त्याने रजेचं कारण भलतंच दिलं होतं. घरी बायकोने मुलीच्या जुन्या वह्यांत डाव्या हाताचा सराव करून घेतला. त्यातली एक वही त्याने खणातून काढली. पहिली पानं म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. भिंगबाई पानामागून पान उलटत राहिली.

"हा फराटा कधी जमला?"

"चाळिसाव्या दिवशी. बायकोने त्या दिवशी सुट्टी दिली!"

मग तिने कामाचं सांगितलं. "नवा नमुना लागेल. तुमच्या वरिष्ठांसमोर सही करायची, खाली त्यांची साक्ष."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे बिंग फुटलं."

"आमच्या फॉर्मवर कारणाचा रकाना नाही. पण हात त्यांना दिसणारच."

त्याने वही मिटून खणात ठेवली. मग तो उठला. "चला. कधीतरी सांगायचंच होतं."

वरिष्ठांनी त्याला डाव्या हाताने सही करताना पाहिलं. "केव्हापासून हे?"

त्याने सगळं सांगितलं.

"आणि अशा हाताने गेल्या महिन्यात टाकीवर चढलास?"

"हो."

"शहाणाच आहेस!" ते कडाडले आणि खाली साक्षीची सही ठोकून मोकळे झाले.

शिडी चढणं त्याच दिवसापासून बंद झालं. जलवाहिन्यांचं काम मात्र त्याच्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी हमी कमी झाली. कंत्राटदार कुरकुरला, "एवढ्याशा सहीसाठी दोन दिवस! होतं काय असं त्यात?"

"कल," भिंगबाई म्हणाली, आणि तिने पुढची फाइल ओढली.